पालथं चर्च

मी युद्धात होतो, असं आमच्या गावात कुणीतरी एकदा उठवलं आणि तेव्हापासून लोक मला युद्धाबद्दल विचारतात. शाळेच्या एका कार्यक्रमात तर मला पुढच्या खुर्चीवर बसवून 'आखाती युद्धाचे साक्षीदार' अशी ओळख करून दिली. साक्षीदाराने काय पाहिलं? खोकी पाहिली. इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं त्या उन्हाळ्यापासून युद्ध संपेपर्यंत मी, आधीच्या वर्षांसारखाच, सौदीत, खोबर शहराबाहेरच्या एका वखारीत लाकडी खोकी ठोकत होतो. डोक्यावरून विमानं जायची. ती कुणाची, कुठे चालली, हे खाली उभ्या असलेल्या आम्हाला कुणी सांगत नव्हतं. त्यामुळे युद्ध कसं होतं असं विचारलं की मी गोंधळतो. तेव्हाही गोंधळलेलोच होतो.

माझं काम पॅकिंगचं. परदेशी माणूस नोकरी संपवून निघाला की त्याचं घर पेट्यांमध्ये घालून बोटीवर चढवायचं. बाहेरच्याला वाटतं, यात काय मोठं, फळ्या आणि खिळे. पण पॅकिंगवाल्याला प्रत्येक वस्तूची दुखरी जागा माहीत असावी लागते. आरसा उभाच न्यायचा. आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनानेच तडकतो. खुर्ची पाठीला धरून उचलली की आज ना उद्या तिची पाठ निघते. वस्तू आपला भार कशावर तोलते हे एकदा ओळखलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे पेटी उघडणाऱ्याचा विचार. बांधणारा एक, उघडणारा दुसरा, आणि मधे कस्टमवाला.

त्या दिवसांत सगळ्यांनाच पेट्या हव्या होत्या, आणि जायचं की राहायचं हे मात्र कुणालाच ठरवता येत नव्हतं. एका लेबनानी डॉक्टरांनी सगळं घर बांधून घेतलं. मग रेडिओवर कसली तरी बोलणी सुरू झाली म्हणून सोडवून घेतलं. बोलणी फिसकटली म्हणून परत बांधलं. पुन्हा सोडवायला गेलो तेव्हा ते रिकाम्या हॉलमध्ये पेटीवर बसले होते. म्हणाले, बाकीचं राहू दे, फक्त चहाची भांडी काढून दे. शेजारच्या दम्माममधल्या बँकेत काम करणाऱ्या एका पुणेकर साहेबांच्या बायकोने मला एक घट्ट गुंडाळलेली वस्तू दिली. आत काय आहे ते विचारू नका, एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, नाही विचारत, पण नाजूक कुठे आहे ते तरी सांगा. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, समोर मधोमध. वळलेलं आहे." मी मान हलवली आणि सोंडेपुरता जास्तीचा कापूस घातला. मिक्सरच्या खोक्यातून बाप्पा सुखरूप पुण्याला पोचले. त्यांचं पत्र आलं, त्यात 'वस्तू उत्तम आहे' एवढंच होतं.

हे सांगायचं कारण असं, की त्या देशात तिथल्या धर्माखेरीज दुसऱ्या कुठल्या धर्माची खूण बाळगायला मनाई होती आणि हे आम्हा पॅकिंगवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. लोक काही ना काही लपवून न्यायचेच. आम्ही विचारायचो नाही, ते सांगायचे नाहीत, सगळं सुरळीत चालायचं. पंचाईत झाली ती एका माणसाने मला सगळं सांगून टाकलं तेव्हा.

त्या माणसाचं नाव हालवर. नॉर्वे देशाचा, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. वखारीत तो आम्हाला बरीच वर्षं ठाऊक होता तो 'तुकडेवाला' म्हणून. गाडी घेऊन यायचा आणि आमच्या कचऱ्यातले पाईनचे तुकडे निवडून न्यायचा. वास घ्यायचा, नखाने खरवडायचा, काही परत टाकायचा. माझ्याबरोबर काम करणारा कुट्टी केरळचा, त्याचं मत होतं की हा गोरा घरात चूल पेटवतो. मी एकदा विचारलं तर हालवर म्हणाला, हे लाकूड आमच्या बाजूचं आहे, आमच्याच जंगलातून तुमच्याकडे येतं. मला ते काही पटलं नव्हतं. फळीचं गाव कोण विचारतो?

डिसेंबर संपत आला तेव्हा तो आला आणि मला घरी घेऊन गेला. बायको-मुलं आधीच मायदेशी गेली होती. झोपायच्या खोलीत पलंगाच्या जागी एक टेबल आणि त्यावर चादरीखाली काहीतरी भलंमोठं. त्याने चादर काढली. मी बघतच राहिलो आणि मला काहीच कळलं नाही. माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावेल न मावेल असं लाकडी घर, पण घरासारखं नाही. उभ्या फळ्यांच्या भिंती, त्यावर उंच उतरतं छप्पर, छपराला माशाच्या खवल्यासारख्या इवल्या लाकडी पट्ट्या, आणि एका टोकाला निमुळता मनोरा. सगळ्याला काळपट डांबर लावलेलं. त्याचा वास आला आणि मला एकदम आमच्या रत्नागिरीकडच्या बंदरावर ओढून ठेवलेल्या होड्या आठवल्या. खिडकीतून आत बघितलं तर बाकांच्या रांगा, आणि छतातून दोऱ्याने टांगलेलं शिडांचं एक छोटं जहाज.

मी विचारलं, साहेब, हे धान्याचं कोठार आहे का? तो म्हणाला, "चर्च आहे. माझ्या बेटावरचं."

मी आधी दाराकडे बघितलं. दार बंद होतं, तरी आणखी एकदा बघितलं.

मग त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला समजेल असं सांगितलं. त्याचं गाव एका बेटावर, मासेमारी करणाऱ्यांचं. चर्च जुनं, दीड-दोनशे वर्षांचं, सगळं लाकडाचं. आतलं जहाज गावातल्या खलाशांनी वादळातून वाचल्यावर करून टांगलं. हे त्यांच्याकडच्या बऱ्याच बेटांवर करतात. त्याचे वडील जन्मभर त्या चर्चची देखभाल करत आले. घंटा वाजवायची, दर काही वर्षांनी भिंतींना डांबर फासायचं, छपराच्या कुजलेल्या पट्ट्या बदलायच्या. आता त्यांचे पाय गेले होते. बेटावर बघायला कुणी नाही म्हणून त्यांना खाडीपलीकडे शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घरात ठेवलं होतं, आणि तिथून ते दर फोनवर मुलाला विचारायचे की पावसावाऱ्यात उत्तरेची भिंत कोण बघतंय. हालवरला उत्तर देता येत नव्हतं. म्हणून आठवेल तसं, फोनवर विचारून विचारून, त्याने ते चर्च आमच्या तुकड्यांमधून उभं केलं होतं. मनोऱ्याच्या टोकावर जे असतं तेवढं लावलं नव्हतं. ते वडील लावतील म्हणाला. वडिलांच्या छातीतही आता काही बिघाड होता. कंपनीने साहेबलोकांना, इराकला दिलेल्या जानेवारीतल्या मुदतीआधी, एका सुटकेसवर विमानात बसायला सांगितलं होतं.

"ते असेपर्यंत हे त्यांच्याजवळ पोचलं पाहिजे, इस्माईल," तो म्हणाला. "मला दुसरं काही न्यायचं नाही."

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि खोलीवर येऊन खरंच विचार करत बसलो, पण विचार एका जागी ठरेना. पकडलं तर साहेबाला काय, विमानात बसवतील. मला आधी आत बसवतील आणि मग विमानात. माझा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे मला कामाला आणणाऱ्या मालकाकडे, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, त्याच्या मर्जीवर, घरी बायको आणि तीन मुलं. आणि दुसरंही होतं, खोटं कशाला सांगू. मी पाच वेळ नमाज पढणारा माणूस. दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या जागेला हात लावून ती सांभाळून पोचवणं हे माझं काम आहे की नाही, हे कुणाला विचारायचं? मशिदीत विचारायची सोय नव्हती. कुट्टीला विचारलं तर तो म्हणाला, पेटी ती पेटी. त्याचं सगळ्याच बाबतीत असं सोपं असायचं.

शेवटी कफीललाच आडून विचारलं. अबू फहद, वखारीचा मालक, वयस्क माणूस, ओरडायचा भरपूर पण पगार वेळेवर द्यायचा. मी म्हटलं, एका इंजिनीअरने आपल्या बापासाठी लाकडाचं घर बनवलंय, आत एक जहाज आहे. जरा विचित्र आहे. घेऊ का? तो म्हणाला, बापासाठी आहे ना? पेटीत काय आहे ते अल्लाला माहीत आणि कस्टमला माहीत. मला मधे घालू नकोस. याचा अर्थ हो की नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मी 'हो' असा लावला.

हालवरने चर्च वखारीत आणून दिलं. मनोरा उचलून वेगळा निघत होता, तो मी चादरीत गुंडाळून बाजूला ठेवला. मग मुख्य भागाला हात घातला आणि लक्षात आलं की हे असंच उभं नेलं तर जेद्दापर्यंतसुद्धा टिकणार नाही. दम्माम बंदर लष्कराच्या जहाजांनी भरलेलं होतं, त्यामुळे माल ट्रकने देश ओलांडून जेद्दाला न्यावा लागत होता. भिंती पातळ, नुसत्या सरसावर चिकटवलेल्या. छप्पर मात्र जड आणि पक्कं. साहेबाने सगळा जीव छपरातच ओतला होता. ट्रक एका खड्ड्यात आपटला की वरचं छप्पर खालच्या भिंतींना चिरडणार.

तळाचे स्क्रू काढले तेव्हा जमीन बाकांसकट एका फळीसारखी सुटून आली. ती बाजूला ठेवली आणि खालून आत वाकून बघितलं. तिथेच माझा हात थांबला. आत छत नव्हतं, होडी होती. मधोमध लांबलचक कणा, त्याला दोन्ही बाजूंनी बरगड्या, बरगड्यांवर फळ्या. आमच्या घराण्यात चुलते, आजोबा सगळे होड्या बांधणारे. मी लहानपणी दिवसभर अशाच बरगड्यांत बसून खेळलोय. चुलते सांगायचे, होडी जमिनीवर ठेवायची ती कण्यावर, दोन्ही बाजूंना टेकू देऊन. काठावर पालथी टाकून वर भार दिला की मोडली म्हणून समजा. मग माझे हात आपोआप चालले. मी पेटीच्या तळाशी होडीला देतात तसे टेकू बसवले, त्यांना जाड कांबळ्याचं अस्तर लावलं आणि चर्च पालथं करून कण्यावर बसवलं. कसं चपखल बसलं म्हणून सांगू! जड भाग खाली, भिंती वर हलक्याशा उभ्या. टांगलेलं जहाज आता टांगलेलं राहणं शक्य नव्हतं, म्हणून ते तळात कापसावर बसवून कण्याला सुताने बांधलं.

निघायच्या आदल्या दिवशी हालवर बघायला आला. पेटीत डोकावला आणि पांढऱ्या माणसाचा चेहरा आणखी पांढरा होऊ शकतो हे मला त्या दिवशी समजलं. तो खाली फळ्यांच्या ढिगावर बसला.

"तू चर्च डोक्यावर उभं केलंस," तो म्हणाला.

त्याच्या धर्मात हा अपमान असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तर ते वाचावं म्हणून केलं होतं. आता हा उठून सगळं उचलून नेईल, रागाने काहीतरी बोलेल, आणि चर्च काही बापापर्यंत पोचत नाही, असं मला वाटलं. मी त्याच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "साहेब, ही होडी आहे. होडीला तिच्या कण्यावर बसवतात. मला दुसरं येत नाही."

तो उठला. पेटीभोवती फिरला. आत हात घालून टेकू दाबून बघितले, मग बरगड्यांवरून हात फिरवत राहिला, जसा काही त्या त्याने केल्याच नव्हत्या. मग हळूहळू त्याने सांगितलं की त्यांच्या बेटावर हिवाळ्यात बोटी बाहेर पडू शकत नसत, तेव्हा बोटी बांधणाऱ्यांनीच ते चर्च बांधलं होतं, त्यांना दुसरं येतच नव्हतं. लहान मुलं बाकावर चुळबुळ करायला लागली की त्याचे वडील मागून म्हणायचे, नीट बसा, कलंडेल. हे सांगताना तो हसला आणि डोळे पुसले. मलाही भरून आलं. माझे चुलते आम्हाला हेच बजावायचे, ते मात्र खऱ्या होडीत.

मग त्याने विचारलं, तुमच्या गावाला मशीद आहे का, लाकडाची आहे का. मी फुशारकीने सांगितलं की आहे, सागवानी खांबांची, वर कौलं, आणि छत आमच्याच घराण्यातल्या होडीवाल्यांनी बांधलेलं. त्याचा चेहरा उजळला. त्याने फळीचा तुकडा आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. काढून दाखव म्हणाला. मी पेन्सिल घेतली. दरवाजा काढला, हौद काढला. खांबांशी अडलो. किती आहेत, दोन ओळीत की तीन, ते काही डोळ्यांपुढे येईना. मी म्हटलं, पुढच्या रजेत मोजून येतो आणि तुम्हाला कळवतो. तो म्हणाला, विसरू नकोस. दुसऱ्या दिवशी तो विमानाने गेला.

आणि त्यानंतर दोन-चार दिवसांतच युद्ध सुरू झालं. ट्रक मिळेना. पेटी वखारीतच राहिली. भोंगे वाजायचे, मग वाजायचे बंद व्हायचे, आणि धोका संपला म्हणून की भोंगाच बिघडला म्हणून, हे ओळखण्याची सोय नव्हती. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावा म्हणाले. मग खिडक्या उघड्या ठेवा म्हणाले. गॅसचे मुखवटे मिळाले, पण दाढीवाल्याला ते चेहऱ्याला घट्ट बसत नाहीत असं कुट्टी कुठूनतरी ऐकून आला. दाढी काढू की नको, म्हणून मी घरी फोन लावला, तर बायको म्हणाली, "असले सवाल मला इचारू नका, सरळ घरी या." घरी कसा येणार? पासपोर्ट अबू फहदकडे आणि अबू फहद कुटुंबासकट जेद्दाला गेलेला. दाढी ठेवली. भोंगा झाला की कुट्टी ऑफिसच्या टेबलाखाली आणि मी त्या पेटीच्या आडोशाला. का तिथेच बसायचो माहीत नाही. सगळ्यांत मजबूत पेटी तीच होती, हे एक कारण. दुसरं असं, की तिच्या फटीतून डांबराचा वास यायचा आणि मला घरी बसल्यासारखं वाटायचं.

शेवटी अबू फहदचा फोन आला, ट्रक येतोय, मावेल तेवढा माल घालून तू स्वतः जेद्दाला ये, प्रवासाचं पत्र ड्रायव्हरजवळ पाठवलंय. निघालो. ड्रायव्हर पठाण, बोलणं कमी, वेग जास्त. प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून बघायचो. रियाधला बत्हा नावाच्या बाजारात चहाला थांबलो तर तिथल्या आपल्या लोकांनी, खोबरहून आलो म्हटल्यावर, मला घेरलं. तिकडे काय चाललंय? मी म्हटलं, तेच तुम्हाला विचारणार होतो. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. युद्धातून आलेला माणूस म्हणून माझा तो पहिला आणि शेवटचा फायदा.

जेद्दाच्या बंदरावर कस्टमच्या शेडमध्ये माल उतरवला. अधिकारी पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, सावकाश चालणारा. बाकीच्या पेट्यांवर त्याने नुसती काठी वाजवली. हालवरच्या पेटीपुढे थांबला आणि उघड म्हणाला. 'घर आहे, खेळण्यातलं घर', हे उत्तर मी वाटेत शंभरदा घोकलं होतं. झाकण काढलं, कापूस बाजूला केला. पेटीत तळापर्यंत गेलेल्या बरगड्या, मधला कणा, आणि कण्यावर बसलेलं छोटं शिडाचं जहाज. अधिकारी वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"होडी?" तो म्हणाला.

आता घोकलेलं 'घर' कसं सांगणार? मी मान हलवली, पण ती हो अशी की नाही अशी, हे मलाच कळलं नाही. तो म्हणाला, माझे वडील यान्बू बंदरात होड्यांवर होते. मग त्याने हात आत घातला आणि बरगड्यांवरून बोटं फिरवली, अगदी हालवरसारखी. बोटं वर भिंतीवर आली आणि खिडकीपाशी थांबली.

"होडीला खिडक्या?"

"साहेब, थंड मुलूख आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही आणि तिचा अर्थ अजून लागलेला नाही. शेजारी सपाट बांधलेली बाकांची फळी होती, चादरीत मनोरा होता. त्यांना त्याने हात लावला नाही. छोट्या जहाजावरचा कापूस जरा सरकला होता. तो त्याने स्वतः वाकून, दोन्ही हातांनी, नीट सारखा केला. मग आपल्या माणसाला म्हणाला, खिळे हळू मार. आणि मला, झालं, निघ, अशा अर्थाने म्हणाला, "खलास. यल्ला."

त्याला कळलं होतं का? मी अबू फहदला विचारलं, कुट्टीला विचारलं, पुढे कित्येक वर्षं जो भेटेल त्याला विचारत आलो. कुणी म्हणतं, कळलं असतं तर सोडलं असतं का? कुणी म्हणतं, कळलं म्हणूनच सोडलं. मी रोज वेगळ्या बाजूला असतो.

युद्ध संपलं. उन्हाळा लागायच्या सुमारास वखारीच्या पत्त्यावर एक फोटो आला. पलंगावर उशांना टेकून बसलेला एक हाडकुळा म्हातारा, बाजूच्या टेबलावर चर्च. पण पालथंच! माझ्या टेकूंवर, मी बांधलं होतं तसंच. खिडकीत मनोरा वेगळा ठेवलेला, त्याच्या टोकावर काडीएवढा क्रूस, म्हाताऱ्याने स्वतः लावलेला. हालवरने मागे लिहिलं होतं की वडिलांनी ते सरळ करू दिलं नाही. असं ठेवलं की पडल्या पडल्या आत हात घालता येतो, म्हणाले. छताच्या वाशांना उभ्या जन्मात कधी हात पोचला नव्हता. ते गेले तोपर्यंत त्यांचा हात आतच असायचा. शेवटी त्याने विचारलं होतं, खांब मोजलेस का?

त्या वर्षी मला लांब रजा मिळाली. गावी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी जुम्मा म्हणून मशिदीकडे गेलो, तर वळणावरून कौलं दिसेनात. सिमेंटची नवी कोरी इमारत, गच्ची, दोन उंच मिनार, आत पंखे. आखातातल्या पोरांनी पैसे पाठवले होते, दुरुस्तीसाठी म्हणून मीही पाठवले होते. दुरुस्ती करायला गेले तर इंजिनीअर म्हणाला, पाडून नवीनच बांधा, स्वस्त पडेल. सागवान व्यापारी घेऊन गेला. लोक मला हौसेने दाखवत होते, बघा, आता पावसाळ्यात गळत नाही. खरंच गळत नव्हतं. मी छान झालीय म्हणालो आणि तोंड धुवायच्या निमित्ताने हौदापाशी जाऊन रडलो. हौद तेवढा जुना होता.

मोठ्या भावाला विचारलं, भाई, खांब किती होते? तो म्हणाला, आठ. शेजारचे चाचा म्हणाले, बारा, मधल्या ओळीला चार. भाई म्हणाला, "मधली ओळ व्हतीच नाय." दोघे त्यावरून भांडले. घरात मशिदीचा फोटो शोधला. लग्नाचे होते, त्यात मागे नुसती चुन्याची भिंत दिसत होती. मुंबईत राहणाऱ्या एका मामांना मी फोनसुद्धा केला. ते म्हणाले, खांब होते, एवढं नक्की.

हालवरला उत्तर लिहिलं नाही. काय लिहिणार? त्याची पत्रं काही वर्षं येत राहिली आणि मग थांबली.

आता मी कायमचा घरी आहे. मागच्या पडवीत पाईनच्या फळ्या आहेत, जुन्या खोक्यांच्या. त्यांतून मशीद करायला घेतली आहे. छत झालं. ते हातांना ठाऊक होतं, होडीसारखंच. कौलं झाली, दरवाजा झाला, खांब राहिले. त्या बेटावर मी कधी गेलो नाही, जाणारही नाही, पण तिथल्या चर्चची बरगडी न् बरगडी मी डोळे मिटून सांगेन. ज्या छताखाली आजोबांचं बोट धरून उभा राहिलो, ते पडवीत टेकूंवर पालथं ठेवलंय. त्याला सरळ कशावर उभं करायचं, ते मला माहीत नाही.